मीटर बारा दाखवतो, पंप हलत नाही



वडोदऱ्याहून हालोलला कामाला जाणाऱ्यांचा हा रोजचा अनुभव आहे. सकाळच्या पाळीला निघालं की पावागडाच्या बाजूने ऊन थेट डोळ्यांवर येतं, आणि संध्याकाळी परतताना सूर्य पुन्हा समोरच असतो. काचेवर धूळ असली तर रस्ता पांढराफटक दिसतो. अशा वेळी वॉशरची दांडी ओढली आणि पाणी आलंच नाही, तर कोरडा वायपर ती धूळ काचभर सारवून ठेवतो. पुढे ट्रॅक्टर आहे की सायकलवाला, काही कळत नाही. म्हणून टाकीच्या तळाशी बसवलेल्या त्या बोटभर पंपाविषयी आज बोलावंसं वाटलं.

परवा शेजारचा मुलगा आला. म्हणाला, "काका, वॉशर बंद पडला. फ्यूज चांगला आहे. कनेक्टरवर मीटर लावला, बारा व्होल्ट येतात. म्हणून नवा पंप आणून बसवला, तरी तेच."

मी त्याला पहिला प्रश्न विचारला, दांडी ओढल्यावर घूंऽऽ असा आवाज येतो का? आवाज येत असेल तर वीज पोचते आहे, अडचण पाण्याची आहे. बोअरच्या जड पाण्याचे क्षार नोझलच्या भोकात बसतात, ते बारीक सुईने निघतात. नाहीतर नळी सुटलेली असते. पण इथे आवाजच नव्हता.

आता त्या बारा व्होल्टांकडे बघू. डिजिटल मीटरचा स्वतःचा रोध साधारण एक कोटी ओहम असतो, त्यामुळे तो वायरीतून जवळजवळ काहीच प्रवाह घेत नाही. पंपाला मात्र तीनेक अँपिअर लागतात, म्हणजे त्याचा रोध चार ओहमच्या आसपास धरा. वाटेतला एखादा जोड गंजून त्याचा रोध वीस ओहम झाला असेल तर मीटरला त्याचा पत्ताही लागत नाही, तो पूर्ण बारा दाखवतो. पंप जोडला की त्याच बारा व्होल्टांची वाटणी होते. दहा व्होल्ट त्या गंजक्या जोडातच खर्च होतात आणि पंपाच्या वाट्याला दोन उरतात. दोन व्होल्टांवर तो कसा फिरणार?

मी कलाभवनात शिकलो. सयाजीराव महाराजांनी १८९० साली सुरू केलेली ती संस्था. तिथल्या कार्यशाळेत आमच्या हाती असायचा एक साधा दिवा, दोन वायरी जोडलेला. आजही मी तोच वापरतो. गाडीच्या इंडिकेटरचा २१ वॅटचा दिवा पावणेदोन अँपिअर घेतो, म्हणजे वायरीला खरोखर काम करायला लावतो. पंपाचा कनेक्टर काढून त्यात हा दिवा लावला आणि मुलाला दांडी ओढायला सांगितली. दिवा जेमतेम लालसर झाला. त्याचं अर्थिंगकडचं टोक काढून सरळ बॅटरीच्या ऋण टोकाला नेलं, तर दिवा लख्ख पेटला. दोष अर्थिंगमध्ये होता.

पुन्हा पंप जोडून मीटरनेही पाहिलं. काळी तार बॅटरीच्या ऋण टोकावर, लाल तार पंपाच्या अर्थिंगच्या वायरीवर, आणि दांडी ओढलेली. इथे शून्याच्या जवळपास आकडा हवा. आम्हाला दहा मिळाले. मीटर तोच होता, पण या वेळी पंप जोडलेला असल्यामुळे त्याने खरं सांगितलं.

ही गाडी २०२४च्या ऑगस्टमधल्या पुरात उभी होती. विश्वामित्रीची धोक्याची पातळी २५ फूट, आणि त्या दिवसांत नदी ३५ फुटांच्या वर गेली होती. पाणी ओसरल्यावर लोकांनी इंजिन उघडलं, सीटा वाळवल्या. पुढच्या चाकामागे खाली दडलेला अर्थिंगचा बोल्ट कोण पाहणार? कल्हई उडालेल्या तांब्याच्या भांड्याला कळंक चढतो, तसा हिरवा कळंक त्या वायरीच्या टोकाला चढला होता. हे काम गाळ हळूहळू करतो, म्हणून पुरातून वाचलेली गाडी कित्येक महिन्यांनी अशी रुसते.

चकचकीत तांबं दिसेपर्यंत वायर कापली, नवं लग दाबून बसवलं, बोल्टाखालचा पत्रा पॉलिश पेपरने घासला आणि बोल्ट घट्ट करून वरून व्हॅसलिन लावलं. अर्ध्या तासाचं काम. एक कळकळीची विनंती आहे. फ्यूज वारंवार उडत असेल तर त्या जागी मोठा फ्यूज घालू नका, मग फ्यूजऐवजी वायर जळते. आणि टाकी रिकामी असताना पंप चालवू नका. आतून जाणारं पाणीच त्याला थंड ठेवतं.

मुलाने दांडी ओढली आणि काचेवर दोन्ही बाजूंनी पाणी आलं. मग मी त्याने काढून टाकलेला जुना पंप मागवला. बादलीत धरून बॅटरीला जोडला, तर तोही झकास चालला. आता तो पुसून, कापडात गुंडाळून डिकीत ठेवला आहे.