सोन्यातला मासा, सोन्यातला नाग



आज सोन्याविषयी चार शब्द बोलायचे आहेत, पण भावाविषयी नव्हे. भाव तुम्हांला रोज कळतोच. बोलायचं आहे ते सोन्याच्या अंगावर येऊन बसलेल्या नागा-मोरांविषयी आणि मासे-कासवांविषयी.

लग्नात सोन्याचं कौतुक किती असतं, हे पनवेलकडच्या आगरी-कोळी मंडळींना सांगायला नको. पण आजीच्या डब्यातला दागिना कधी निरखून पाहिला आहे का? वेणीवर खोवायचा नाग, मोराच्या कुड्या, मगरीच्या तोंडाचे कडे, लहान मुलाच्या गळ्यातलं सोन्यात मढवलेलं वाघनख. कोल्हापुरी साज घ्या. त्याच्या पानांत मासा आहे, कासव आहे, नाग आहे, भुंगासुद्धा आहे. साजाची पानं एकवीस आणि त्यांतली दहा दशावतारांची, असं जुनी माणसं सांगतात. पायातली मासोळी मात्र चांदीची, कारण सोनं पायात घालायचं नाही असा आपल्याकडचा रिवाज.

ही जनावरं केवळ हौसेखातर आलेली नाहीत. नाग राखण करतो, देवळात कासव देवासमोर बसतं, वाघनखानं मुलाला भीती वाटत नाही, अशी त्यामागची समजूत. माशाची तर आणखी गंमत. तो दागिन्यात होता तसा सोनाराच्या तराजूतही होता! आठ गुंजांचा एक मासा आणि बारा माशांचा एक तोळा, म्हणजे सुमारे ११.६६ ग्रॅम. ‘तोळामासा प्रकृती’ म्हणतो, त्यातला मासा तो हाच.

अशी हौस फक्त आपल्याकडेच होती असंही नाही. इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीला १८४०च्या सुमारास वाङ्निश्चयाची अंगठी मिळाली, ती सर्पाकृती होती. मग तिकडे नागाच्या दागिन्यांची लाटच आली. आज असे जुने नमुने शोधणारे संग्राहक नुसतं वजन पाहत नाहीत, घडण पाहतात.

आणि आपण काय करतो? लग्नसराई आली की डबा उघडतो, जुना दागिना सराफाकडे नेतो आणि मोडीत घालतो. आतली लाख जाळतात, सोनं आटवतात, वजनाचे पैसे धरून नवी वस्तू देतात. यात सराफाची काही चूक नाही. त्याचा तो धंदा आहे. पण आटणीत सोनं उरतं आणि मासा जातो. माशाचे खवले कोरणारा हात पुन्हा मिळत नाही. आधीच हे हात कमी झाले आहेत. जानेवारी १९६३ मध्ये सुवर्णनियंत्रण आलं, चौदा कॅरटच्या वरचे नवे दागिने घडवायला बंदी झाली, आणि कितीतरी सोनारांना पिढीजात धंदा सोडावा लागला. ती बंदी १९६६ मध्ये उठली, पुढं १९९० मध्ये सुवर्णनियंत्रणाचा कायदाही रद्द झाला. पण गेलेले कारागीर सगळे परतले नाहीत.

मग असे दागिने जमवावेत का? ऐपत असेल त्यानं जरूर जमवावेत, पण डोळे उघडे ठेवून. जुना दागिना दिसतो तेवढा भरीव नसतो. आत लाख असते, तिचं वजन सोन्याचं धरू नका. खरं वाघनख विकत घेऊ नका आणि विकूही नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं तो गुन्हा आहे. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू परदेशी पाठवायलाही बंदी आहे. आणि शेतात नांगराला एखादा सोन्याचा नाग लागलाच, तर तो लपवू नका, आटवू तर मुळीच नका. १८७८ च्या गुप्तधनाच्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांवरच्या ठेव्याची वर्दी कलेक्टरांना द्यावी लागते.

पण संग्रह करायला पैसाच लागतो असं नाही. पुण्याच्या दिनकर केळकरांनी लोकांनी अडगळीत टाकलेले दिवे, अडकित्ते, घरगुती वस्तू आयुष्यभर जमवल्या. राजा नावाचा त्यांचा मुलगा लहानपणीच गेला. त्याच्या नावानं आज ते संग्रहालय उभं आहे. जुन्या वस्तूकडे पाहण्याची त्यांची नजर आपल्याला फुकट घेता येईल.

गुरुजी आणि बाई, इथं तुमचं काम आहे. शाळेत एक वही घाला. मुलांनी आजीला विचारून यावं. दागिन्याचं नाव काय, त्यावर कोणतं जनावर, तो कुठं घालतात, कोणत्या गावच्या सोनारानं घडवला. शेजारी पेन्सिलीनं चित्र काढावं. एक गोष्ट मात्र कटाक्षानं पाळा. दागिना कुणाच्या घरचा, हे वहीत लिहायचं नाही. वही चोराच्या हाती लागली तरी त्याला उपयोग होता कामा नये.

आणि भगिनींनो, अडचणीला सोनं मोडावंच लागतं. मुलीचं शिक्षण, घरातलं आजारपण यांपुढे दागिना मोठा नाही; सोनं असतंच त्यासाठी. १९७० नंतर नवी मुंबईसाठी आपल्या भागातल्या जमिनी गेल्या, तेव्हा अडीनडीला सोनंच हाताशी होतं, अशी घरं तुम्हांला ठाऊक असतील. म्हणून मोडू नका असं मी म्हणत नाही. मोडण्याआधी एक दिवस थांबा, एवढंच म्हणतो. दोन्ही बाजूंनी फोटो काढून घ्या, नाव लिहून ठेवा, आणि जमलं तर साजातलं एखादं पान, एक कासव किंवा एक भुंगा, मागं ठेवा. बाकीचं सोनं खुशाल द्या. नातीला दाखवायला तेवढं एक पान पुरे आहे.