थेंबाचा माग

कसाऱ्याच्या किंवा माळशेजच्या घाटात बॉनेट उघडून उभी असलेली पद्मिनी माझ्या वयाच्या प्रत्येकाने पाहिली असेल. वाफ निवू द्यायची, डब्यातलं पाणी ओतायचं आणि पुढे निघायचं. मुंबईच्या रस्त्यांवरून काळी-पिवळी पद्मिनी २०२३ साली गेली, पण ती सवय गेली नाही. गाडीतलं पाणी कमी झालं की आपण घालतो आणि विसरतो. मला आज एवढंच सांगायचंय की, पाणी घालणं हा उपाय नव्हे. गेलेलं पाणी कुठे गेलं, हे शोधणं हा उपाय.

आधी हे पाणी गाडीत करतं काय, ते पाहू. इंजिनात इंधन जळतं, त्यातली बरीचशी उष्णता चाकांपर्यंत पोचतच नाही. ती बाहेर काढावी लागते. आपली चेतक स्कूटर हवेवर गार व्हायची. जर्मनीची पोर्शे ९११ ही नावाजलेली स्पोर्ट्स कारसुद्धा १९९८ पर्यंत हवेवर गार होणाऱ्या इंजिनाची मिळत होती. बाकी बहुतेक गाड्यांत हे काम कूलंट करतं, म्हणजे साधारण निम्मं शुद्ध पाणी आणि निम्मं ग्लायकॉल. साधं पाणी १०० अंशांना उकळतं. हे मिश्रण थोडं उशिरा उकळतं, आणि घट्ट झाकणामुळे आत दाब राहिला की सव्वाशे अंशांपुढेही तग धरतं. म्हणूनच बारीक गळती वाईट. पाणी तर जातंच, पण त्याबरोबर दाबही जातो, आणि मग उरलेलं कूलंट लवकर उकळतं.

माझ्या मेहुण्यांनी हौसेने एक जुनी गाडी घेतली होती, सॅन स्टॉर्म. गेल्या शतकाच्या अखेरीस गोव्यात तयार झालेली, दोन माणसांची, कापडी टपाची छोटी स्पोर्ट्स कार. अंग फायबरग्लासचं, इंजिन रेनोचं, ११४९ सीसीचं. फायबरग्लास गंजत नाही, म्हणून गाडी दिसायला अजून देखणी. मेहुणे गेले आणि गाडी ठाण्यात राबोडीला भाच्याकडे आली. ती दर आठवड्याला दोन बोटं कूलंट प्यायची. खाली थारोळं नाही, धूर नाही. ठाण्यातल्या एका गॅरेजने सांगितलं, हेड गॅस्केट गेलं, इंजिन उघडावं लागेल. खर्च ऐकून भाचा म्हणाला, "मामू, त्यापेक्षा भंगारात देतो." रविवारी भंगारवाला येणार होता. आपा काही बोलली नाही. मात्र रोज सकाळी खाली जाऊन गाडीवरचं कव्हर सारखं करून यायची.

डोंबिवलीत मानपाडा रस्त्याला माझ्या ओळखीचे एक मिस्त्री आहेत. वय सत्तरीचं. कल्याण-शीळ रस्त्यावर प्रीमियरचा कारखाना होता आणि १९९४ नंतर तिथून प्यूजो ३०९ बाहेर पडायच्या, तेव्हा ते तिथे कामाला होते. शुक्रवारी गाडी त्यांच्याकडे न्यायची ठरली. मुंब्रा बायपास, शीळफाटा हा रस्ता तुम्हाला माहीत आहे. वाऱ्याशी शर्यत लावायला बनवलेली गाडी तिथे पाऊण तास पहिल्या गिअरमध्ये. अशा वेळी रेडिएटरला समोरून वारा मिळत नाही, सगळी भिस्त पंख्यावर. मोकळ्या रस्त्यावर लपून राहणारी गळती अशा कोंडीत उघडी पडते. काटा चढत होता आणि भाच्याचा चेहरा उतरत होता.

मिस्त्रींनी गाडीला हातच लावला नाही. म्हणाले, "रात्रभर निवू द्या. तापल्या गाडीचं झाकण उघडाल तर तोंड भाजेल." गाडीखाली एक कोरा पुठ्ठा सरकवला. सकाळी त्यावर एक हिरवट डाग होता, गिअरबॉक्सच्या बरोबर खाली. भाचा म्हणाला, सापडलं! मिस्त्री हसले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "शायर, थेंब जिथे पडतो तिथेच निघतो का?"

डोंबिवलीकरांना हे समजावून सांगायला नको. जमिनीखालची पाइपलाइन फुटते एकीकडे आणि रस्ता ओला होतो भलतीकडे.

मग त्यांनी झाकणाच्या जागी एक हातपंप बसवला. त्याला घड्याळासारखी तबकडी असते. झाकणावर दाबाचा जो आकडा छापलेला असतो, तेवढाच दाब भरायचा, जास्त नाही, आणि थांबायचं. इंजिन थंड असतं, म्हणून थेंब वाफ होऊन उडून जात नाही, दिसतो. काटा हळूहळू खाली येऊ लागला. दाब उतरला आणि बाहेर कुठेच थेंब नसला, तर गळती आत आहे असं समजावं. ऑइल दुधाळ चहासारखं दिसणं, एक्झॉस्टमधून थांबता न थांबणारा पांढरा, गोडसर वासाचा धूर, पायाखालचा ओला गालिचा, या त्याच्या खुणा. पाण्याच्या पंपालाही खाली एक बारीक छिद्र ठेवलेलं असतं. आतलं सील गेलं की तिथून थेंब येतो. बनवणाऱ्यानेच पंपाला तक्रार करायची सोय करून दिली आहे.

इथे यातलं काही नव्हतं. मिस्त्रींनी बॅटरी आणि छोटा आरसा घेऊन एकेक सांधा पाहिला. थर्मोस्टॅटच्या तोंडाशी, जिथे रबरी होज बसतो, तिथे क्लिपखाली पांढरट-हिरवी खपली होती. सातआठ मिनिटांनी तिथेच एक थेंब जमला, होजच्या पोटावरून घरंगळत गिअरबॉक्सवर गेला आणि मग पुठ्ठ्यावर. वर्षांच्या उष्णतेने होजचं टोक कडक झालं होतं, क्लिपची पकड सुटली होती. हेड गॅस्केट शाबूत.

काम तासाभराचं. त्याच मापाचा नवा होज, नवी क्लिप, धातूचं तोंड बारीक पॉलिश पेपरने साफ. कूलंट भरताना हीटर चालू ठेवून आतली हवा काढली. हे महत्त्वाचं, कारण हवेचा बुडबुडा अडकला किंवा कूलंट पारच संपलं, तर तापमानाचा काटा खोटं बोलू शकतो. इंजिन भाजत असतं आणि काटा निवांत. शेवटी पुन्हा दाब भरला. पंधरा मिनिटं काटा जागचा हलला नाही. सगळा खर्च हजाराच्या आत. भाच्याने तिथूनच भंगारवाल्याला फोन करून येऊ नको म्हणून सांगितलं.

तुमची गाडी स्पोर्ट्स कार नसेल, पण हे सगळं तिलाही लागू आहे. महिन्यातून एकदा, इंजिन थंड असताना टाकीवरच्या दोन खुणांमधली पातळी बघा. ती उतरत असेल तर दर वेळी किती उतरते ते लिहून ठेवा. वेगवेगळ्या प्रकारची कूलंट एकत्र करू नका. सांडलेलं कूलंट लगेच धुऊन टाका. ते गोड असतं आणि विषारीही. गल्लीतली कुत्री-मांजरं ते चाटतात, मुलांचा हातही लागू शकतो. आणि कुणी इंजिन उघडायला सांगितलं, तर आधी दाब भरून पाहा म्हणावं. मोठा खर्च करण्याआधी पंधरा मिनिटं एका काट्याकडे बघत बसणं कुणालाही परवडतं.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)