सोसायटीतील घर आणि आपण
(वर्षावास समाप्तीच्या कार्यक्रमात दिलेले भाषण)



दादर म्हटले की आपल्यापुढे चैत्यभूमी आणि राजगृह उभे राहते. प्लेगच्या साथीनंतर 1898 मध्ये स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दादर-माटुंग्याची आखणी केली. या जुन्या वस्तीत दुसऱ्या महायुद्धानंतर सहकारी सोसायट्यांच्या इमारती वाढल्या. 1947 च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठली आणि भाड्यासाठी घरे बांधणे मालकांना परवडेना. तेव्हा नोकरदार माणसांनी भागभांडवल जमवून स्वतःची घरे उभारली.

एकेका समाजाने मिळून घरे बांधावीत, ही प्रथा मुंबईत त्याही आधीची. गावदेवीची सारस्वत सोसायटी 1915 ची आहे. परंतु पाटीवर ज्याची जात नाही, त्याने कोठे जावे? बडोद्याच्या नोकरीत असलेल्या परमपूज्य बाबासाहेबांना 1917 मध्ये, एवढे शिक्षण असूनही, पारशी निवासातून काठ्यांच्या धाकाने बाहेर पडावे लागले. पुढे 2005 मध्ये गुजरातमधील एका पारशी सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, सभासदत्व आपल्याच समाजापुरते ठेवणारा पोटनियम वैध मानला. म्हणजे प्रश्न इतिहासजमा झालेला नाही.

तरीही सहकाराच्या कायद्यात आपल्या कामाचे एक तत्त्व आहे : एक सभासद, एक मत. तीन खोल्यांचा साहेब आणि एका खोलीचा शिपाई सभेत समान असतात. गावकीच्या बैठकीत ज्यांच्या आजोबांना पायरीखाली उभे केले जाई, त्यांना हे सांगायला नको.

पण हे मत वापरतो कोण? आम्ही बँकेत गृहकर्जाची कागदपत्रे पाहतो. घराचा करार जपून ठेवलेला असतो, शेअर सर्टिफिकेट मात्र जुन्याच मालकाच्या नावावर. वारस नेमलेला नसतो. वार्षिक सभेची नोटीस जिन्यात लागते आणि आपण म्हणतो, "आपल्याला कोण विचारतो?" मग पाण्याची वेळ, दुरुस्तीचा खर्च, इमारतीचा पुनर्विकास, सारे चारजण ठरवतात आणि आपण कुरकुरत सही करतो.

भगवान बुद्धांनी वज्जींविषयी सांगितले होते की, जोवर ते वारंवार एकत्र जमतील, एकोप्याने बसतील आणि एकोप्याने उठतील, तोवर त्यांची भरभराटच होईल, हानी होणार नाही. इमारतीची सभा हा त्या शिकवणीचा रोजच्या जीवनातील धडा आहे.

विद्यार्थी मित्रहो, आजच घरी जाऊन शेअर सर्टिफिकेटवर नाव कोणाचे आहे ते पाहा. पोटनियम वाचा आणि आईवडिलांना समजावून सांगा. उद्या तुम्ही समितीवर बसाल, तेव्हा दारात आलेल्या नव्या कुटुंबाला आडनाव विचारून परत पाठवू नका. बंद दार काय असते, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक आहे?

नमो बुद्धाय, जयभीम.