लाल पिशवीत काय जातं?

(बडोदे येथील गणेशोत्सवातील व्याख्यान)

सणाच्या दिवसांत कचऱ्यावर बोलणं काहींना रुचणार नाही. पण माझी नोकरी रुग्णालयातल्या संसर्ग-नियंत्रणात गेली आणि समोर बसलेल्यांत माझे सहकारीही बरेच आहेत, तेव्हा चालवून घ्या.

रुग्णालयातल्या या कचऱ्याचे नियम आपल्या देशात १९९८ साली आले, २०१६ मध्ये ते नव्याने झाले. पिवळी, लाल, पांढरी, निळी हे रंग आता सर्वांना पाठ आहेत. पण प्रशिक्षणात मी "का?" विचारलं की वर्ग शांत! लाल म्हणजे धोका, असं आपलं डोकं चालतं. म्हणून रक्ताने भिजलेला कापूस हमखास लाल पिशवीत जातो. वास्तविक तो पिवळीत हवा, कारण पिवळी जाळायला जाते. लाल पिशवीत सलाइनच्या नळ्या, हातमोजे, सुई काढलेल्या सिरिंजा. हे प्लास्टिक वाफेने निर्जंतुक करून, तुकडे करून पुन्हा वापरात आणतात. तेच पिवळीत गेलं आणि त्यात क्लोरीन असलं, तर जाळताना डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्यं हवेत जातात. हे एकदा समजलं की रंग पाठ करावे लागत नाहीत.

सुईची जागा मात्र पांढऱ्या, न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात. एका रुग्णालयात आमच्या एका आयाबेनने पिशवीची गाठ मारली आणि आतली सुई बोटात गेली. कोणाची सुई, काही पत्ता नाही. टाकणारा केव्हाच ड्यूटी संपवून घरी गेलेला. हेपटायटिस बी ची लस घेतलेली नसेल तर अशा टोचण्यातून लागण होण्याचा धोका शंभरात तीसपर्यंत जाऊ शकतो. बेनने ती घेतली नव्हती. लस डॉक्टर-सिस्टरांसाठी असते असं तिला वाटे. खरं तर कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला ती देणं ही नियमानेच रुग्णालयाची जबाबदारी आहे. लगेच उपचार झाले, पण पुढचे सहा महिने रिपोर्ट घ्यायला आली की ती आधी माझ्या तोंडाकडे बघायची. सुदैवाने सुटली.

आणि कचरा बाहेर पडला तर? २००९ साली आपल्याच गुजरातमध्ये, मोडासा भागात, वापरलेल्या सुया-सिरिंजा पुन्हा वापरल्याने हेपटायटिस बी ची साथ आली. शेकडो लोकांना लागण झाली, कित्येक दगावले. म्हणून नीडल कटर वापरायला कंटाळणाऱ्या नव्या मुलामुलींना मी मोडासाबद्दल सांगते; नियमाचं कलम सांगत नाही.

आता घरचं. आपल्यापैकी अनेक काका-काकू इन्सुलिन घेतात. ती सुई कागदात गुंडाळून ओल्या कचऱ्यात टाकू नका; कचरा वेचणारी बाई हातानेच चाळते. घट्ट झाकणाच्या जाड प्लास्टिकच्या डब्यात साठवा, वर 'सुया' असं गुजरातीतही लिहा आणि भरला की वेगळा द्या. कुठे द्यायचा हे आपल्या दवाखान्यात विचारून ठेवा. आरतीनंतर मी थोडा वेळ थांबणार आहे, शंका असतील त्यांनी जरूर भेटावं.