भावकीचं भांडण आणि कंपनीची फौज



बांधावरून भावाभावांत लागली की एकजण सावकाराकडं पळतो. बांध राहतो बाजूला, रान सावकाराच्या घशात जातं. हे आपण पाहिलंय. पेशवाईतही हेच झालं.

राघोबादादाला गादी हवी होती. ६ मार्च १७७५ ला सुरतेत त्यानं इंग्रजांशी तह केला : फौज द्या, साष्टी-वसई घ्या. त्याच साली अमेरिकेतल्या वसाहती करावरून इंग्रजांशी लढायला उठल्या होत्या.

मुंबईची फौज घाट चढून आली. नाना फडणवीस, महादजी शिंदे यांनी वाटेवरचा दाणा, वैरण जाळली, तळेगावही पेटवलं. ९ जानेवारी १७७९ ला फौज तिथं पोचली, तर हाती राख. मागं फिरली अन् वडगावला नमली.

कंपनीनं तो करार मानला नाही. लढाई लांबली. १७८२ ला सालबाईच्या तहात वसई परत आली; साष्टी गेली ती गेलीच. दादाला तनखा मिळाला, जळाली ती कुणब्याची वैरण.

अमेरिकेतल्या तेरा वसाहती एकजुटीनं लढल्या, १७८३ ला इंग्लंडनं त्यांचं स्वातंत्र्य मान्य केलं. म्हणून आम्ही सांगतो, भावकीचं भांडण चावडीवरच मिटवू. परका पंच फुकट येत नाही.