महानगरातील मायबोली : न्यूयॉर्कचे आयरिशभाषक



शताब्दीच्या मंगल प्रसंगी ग्रंथालयाने मागे वळून आपली वाटचाल न्याहाळावी, हे स्वाभाविकच आहे. परंतु ज्या संस्थेचा जन्मच अन्यभाषकांच्या प्रदेशात झाला, तिने अशाच परिस्थितीतून गेलेल्या एखाद्या दूरस्थ भाषकसमूहाची कथाही या निमित्ताने ऐकणे अनुचित ठरणार नाही. ही कथा आहे न्यूयॉर्कमधील आयरिशभाषकांची.

आयरिश ही इंग्रजीची बोली नव्हे. ती केल्टिक कुळातील स्वतंत्र भाषा असून तिची वाङ्मयपरंपरा युरोपातील अतिप्राचीन परंपरांपैकी एक आहे. १८४५ ते १८५२ या काळात बटाट्याच्या पिकावर रोग पडून आयर्लंडमध्ये महादुष्काळ झाला. सुमारे दहा लाख माणसे मृत्युमुखी पडली आणि त्याहून अधिक देशोधडीला लागली. या आपत्तीचा सर्वांत कठोर आघात पश्चिम व दक्षिण भागांवर झाला, आणि भाषा जिवंत राहिली होती तीही मुख्यतः तेथेच. १८५१ च्या जनगणनेत भाषेची नोंद प्रथमच झाली, तेव्हा आयरिश जाणणारे सुमारे पंधरा लाख, म्हणजे लोकसंख्येच्या चतुर्थांशाहूनही कमी उरले होते. अमेरिकेकडे निघालेल्या जहाजांतून उपाशी शरीरांबरोबर एक भाषाही देश सोडून चालली होती.

या प्रवाशांच्या गाठोड्यात भाषेबरोबर आणखी एक वस्तू होती, ती म्हणजे लाज. १८३१ पासून सुरू झालेल्या राष्ट्रीय शाळांचे माध्यम इंग्रजी होते. अनेक ठिकाणी मुलाच्या गळ्यात एक काठी अडकवीत. त्याने आयरिश शब्द उच्चारला की तिच्यावर एक खाच पाडली जाई आणि खाचांच्या हिशेबाने शिक्षा होई. या पद्धतीत पुष्कळदा आईबापांचीही संमती असे. कारण मुलाला पुढे परदेशी पोट भरायचे आहे, हे त्यांना ठाऊक होते. परिणाम असा झाला की, अस्खलित आयरिश बोलणाऱ्या असंख्य माणसांना त्या भाषेतील एक अक्षरही वाचता येत नव्हते.

न्यूयॉर्कमध्ये हा मनुष्य सर्वत्र होता आणि कोठेच नव्हता. गोदीत ओझी उचलणारे, इमारतींचे पाये खणणारे, श्रीमंतांच्या स्वयंपाकघरात राबणाऱ्या तरुण मुली, या सर्वांत आयरिशभाषक होते. पण मालकाशी इंग्रजी, दुकानात इंग्रजी, आणि मुलांशी तर कटाक्षाने इंग्रजी. आयरिश उरली ती गाववाल्यांच्या भेटीत, प्रार्थनेत आणि मुलांना कळू नये असे काही बोलायचे असेल तेव्हा. असा भाषक शोधावा कसा? त्याच्या कपाळावर तर भाषा लिहिलेली नसते.

हा शोध ज्याने घेतला तो एक शाळामास्तर होता. गॉलवे परगण्यात जन्मलेला मायकेल लोगन ब्रुकलिनमध्ये शिक्षक होता. ब्रुकलिन हे त्या वेळी स्वतंत्र शहर होते. न्यूयॉर्कमध्ये ते १८९८ साली सामील झाले. १८७२ पासून लोगनने एका आयरिश-अमेरिकन वृत्तपत्रात भाषेच्या रक्षणासाठी पत्रे लिहावयास आरंभ केला. १८७३ मध्ये बॉस्टनला आणि त्यानंतर ब्रुकलिन व न्यूयॉर्क येथेही भाषाप्रेमींची मंडळे निघाली. दिवसभर कष्ट करून संध्याकाळी माणसे वर्गाला येऊ लागली.

या वर्गांचे स्वरूप मोठे विलक्षण होते. काही विद्यार्थ्यांच्या जिभेवर भाषा होती, पण अक्षर अपरिचित होते. काहींनी पुस्तकातून व्याकरण घोकले होते, पण साधे वाक्य तोंडातून निघत नव्हते. पहिल्याने दुसऱ्याला उच्चार द्यावा आणि दुसऱ्याने पहिल्याला लिपी द्यावी, असा हा व्यवहार होता. ज्याला मायदेशी शाळेत भाषेबद्दल छडी मिळाली, त्यालाच परदेशी वर्गात भाषेचा जाणकार म्हणून मान मिळाला. शहरातील आयरिशभाषक सापडले ते असे. त्यांना कोणी हुडकून काढले नाही. त्यांच्या भाषेला किंमत आहे असे सांगणारी एक जागा निर्माण झाली, आणि ते आपण होऊन तेथे आले.

ऑक्टोबर १८८१ मध्ये लोगनने ‘अन गेल’ हे आयरिश-इंग्रजी द्वैभाषिक मासिक सुरू केले. आयरिश मजकूर जुन्या गेलिक वळणाच्या खिळ्यांनी छापला जाई. त्याच वर्षीच्या जानेवारीत पुण्यात ‘केसरी’ निघाला होता, हा योगायोग मराठी वाचकाला सुखावील. आयरिशच्या संवर्धनासाठी वाहिलेले हे पहिले नियतकालिक डब्लिनमध्ये नव्हे, तर ब्रुकलिनमध्ये निघाले; डब्लिनमधील आयरिश नियतकालिक त्यानंतर वर्षभराने, १८८२ मध्ये आले. ज्या गेलिक लीगने पुढे आयर्लंडमध्ये भाषेचे मोठे आंदोलन उभारले, तिची स्थापना तर १८९३ ची. तिचे एक संस्थापक डग्लस हाइड १९०५-०६ मध्ये निधीसाठी अमेरिकाभर हिंडले, आणि तेच १९३८ मध्ये आयर्लंडचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. दूर गेलेली लेकरे मायभूमीकडून केवळ घेतच असतात असे नाही. प्रसंगी ती देतातही.

तथापि या यशाची दुसरी बाजू झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. लोगन १८९९ मध्ये निवर्तला आणि १९०४ मध्ये मासिक बंद पडले. वर्ग चालले, मंडळे चालली, पण वर्गातून घरी परतलेला बाप मुलाशी बोलला तो बहुधा इंग्रजीतच. मंडळाने प्रतिष्ठा दिली. ती भाषा पाळण्यापर्यंत पोहोचली नाही. मायदेशातून नवी माणसे येत राहिली तोवर न्यूयॉर्कमध्ये आयरिश ऐकू येत राहिली, आणि प्रत्येक पिढीबरोबर ती पुनःपुन्हा नाहीशीही होत राहिली.

याच शहरातील जो हीनी यांचे उदाहरण हृद्य आहे. १९१९ मध्ये कॉनेमारातील कार्ना येथे जन्मलेले हीनी हे साथीवाचून गायिल्या जाणाऱ्या पारंपरिक आयरिश गायकीचे श्रेष्ठ गायक. शेकडो गीते त्यांना मुखोद्गत होती. १९६० च्या दशकात ते न्यूयॉर्कला आले आणि मॅनहॅटनमधील एका निवासी इमारतीत दरवान म्हणून नोकरी करू लागले. गणवेश घालून ते दार उघडत, तेव्हा आत जाणाऱ्या किती जणांना कल्पना असेल की, दाराशी एका प्राचीन परंपरेचा चालताबोलता ग्रंथ उभा आहे? उशिरा का होईना, विद्यापीठांनी त्यांना अध्यापनासाठी पाचारण केले आणि १९८२ मध्ये अमेरिकेचा राष्ट्रीय वारसा सन्मान त्यांना लाभला. १९८४ मध्ये सिअ‍ॅटल येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या ध्वनिमुद्रणांचा संग्रह तेथील वॉशिंग्टन विद्यापीठाने जतन केला आहे.

आज न्यूयॉर्कमध्ये कोणी आयरिशभाषकाचा शोध घेऊ लागला, तर त्याची पावले १९७२ मध्ये स्थापन झालेल्या आयरिश आर्ट्स सेंटरकडे किंवा न्यूयॉर्क विद्यापीठाच्या ग्लक्समन आयर्लंड हाउसकडे वळतील. दोन्ही ठिकाणी भाषा शिकविली जाते. शेजारच्या न्यू जर्सीत १९८१ मध्ये निघालेली एक संस्था निवासी शिबिरे भरविते. त्या दोन-तीन दिवसांत केवळ आयरिशच बोलावयाची, असा प्रयत्न असतो. तेथे येणाऱ्यांत आयरिश वंशाचे नसलेलेही असतात. आकडे मात्र सावध करतात. आयरिश वंशाचे म्हणविणारे अमेरिकन तीन कोटींहून अधिक. परंतु घरात आयरिश बोलणारे, २००९ ते २०१३ च्या सरकारी पाहणीनुसार, देशभरात मिळून सुमारे २० हजार. आयर्लंडमध्येही २०२२ च्या जनगणनेत १८,७३,९९७ जणांनी भाषा येते असे सांगितले. शिक्षणसंस्थांबाहेर ती रोज बोलणारे मात्र केवळ ७१,९६८ होते. भाषा येणे आणि भाषेत जगणे यांतील अंतर या दोन आकड्यांत सामावलेले आहे.

तरीही लोगनचे श्रम वाया गेले नाहीत. ‘अन गेल’चे अंक ग्रंथसंग्रहांत टिकून राहिले, आणि अलीकडे गॉलवे व न्यूयॉर्क येथील विद्यापीठांच्या सहकार्याने ती जुनी गेलिक अक्षरे वाचण्यास संगणकालाही शिकविण्यात आले आहे. घरांनी जे सोडले ते कपाटांनी सांभाळले. परंतु कपाट भाषा सांभाळू शकते, बोलू शकत नाही. हे ग्रंथालयांइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार?

महाराष्ट्राबाहेरील अनेक मराठी घरांत आज अशी मुले आहेत की, जी आजीशी मराठीत बोलतात, पण मराठी पुस्तक त्यांना वाचता येत नाही. ब्रुकलिनच्या वर्गातील पहिल्या बाकावर बसलेला विद्यार्थी नेमका हाच होता. शताब्दी पूर्ण करणाऱ्या वाचनालयाने आठवड्यातील एक संध्याकाळ या मुलांसाठी राखून ठेवावी, आणि समोरच्या खुर्चीवर एखाद्या ज्येष्ठ सभासदाने बसावे. खर्च नगण्य आहे. मात्र वर्ग आटोपून घरी गेल्यावर त्या मुलाशी मराठीतच बोलावयाचे, ही जबाबदारी कोणत्याही ग्रंथालयाला पेलणारी नाही. ती घरांनीच उचलावयाची आहे. ब्रुकलिनला जे साधले नाही, ते येथे साधो, ही शुभेच्छा व्यक्त करून हे व्याख्यान येथे पूर्ण होते.