छर्ऱ्याच्या बंदुकीची स्प्रिंग



मार्व्याहून तरीने खाडी ओलांडून मनोरीस येताना मी पिशवीतून एक जुनी स्प्रिंग आणली आहे. जत्रेत फुगे फोडावयाची छर्ऱ्याची बंदूक आपण बहुतेकांनी हाताळली असेल. तिचा प्राण म्हणजे ही स्प्रिंग.

नळी मोडून खाली ओढली की स्प्रिंग दबते. चाप ओढताच ती दट्ट्याला पुढे फेकते, पुढची हवा आवळली जाते आणि बारीक भोकातून सुटून छर्ऱ्याला ढकलते. दट्ट्या पुढे धावताना बंदूक मागे सरते. तो हवेच्या गादीवर थबकला की ती पुढे हिसका देते. छर्रा नळीतून पुरता बाहेर पडण्यापूर्वीच हे सुरू होते. म्हणून ही बंदूक घट्ट आवळून धरली तर नेम चुकतो. हलक्या आणि दर वेळी सारख्याच हाताने धरावी लागते.

आता तरुण मंडळी विचारतात, “काका, जाड स्प्रिंग घातली तर?” मीही सोळाव्या वर्षी हेच केले. जोर वाढला खरा. पण हिसकाही वाढला, दस्त्याचे स्क्रू ढिले झाले आणि पूर्वी रुपयाएवढ्या जागेत बसणारे छर्रे बशीभर पसरू लागले. एके दिवशी एक छर्रा भिंतीवरून उलटला आणि धाकट्या भावाच्या भुवईला लागला. डोळा वाचला, माझी झोप मात्र बरेच दिवस उडाली. तीच स्प्रिंग ही!

मग खरी सुधारणा कोणती? जोर वाढविणे नव्हे, तर प्रत्येक बार मागच्यासारखा करणे. खाडीच्या खाऱ्या हवेने स्प्रिंगवर गंज चढतो, तो काढावा. तिची टोके सपाट व गुळगुळीत करावी. आतल्या दांडीवर ती सैल असेल तर बार होताना झणझणते. दांडी बेताची बसवावी. स्प्रिंगला जाड वंगणाचा पातळ हात द्यावा. दट्ट्याच्या पुढे मात्र साधे तेल ओतू नये. आवळलेल्या हवेच्या उष्णतेने ते पेटते. झिजलेला वॉशर बदलावा. छर्रा न घालता चाप कधी ओढू नये. आणि बंदूक खोलताना स्प्रिंग दाबातच असते हे विसरू नये. क्लँपात धरल्यावाचून पिनेला हात लावणे म्हणजे दात गमावणे होय.

दहा मीटरवरच्या स्पर्धेत दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर असतो, आणि तेथल्या बंदुकीचा जोर साडेसात ज्यूलच्या आसपास. एवढ्याशा जोरावर मुंबईच्या अंजली भागवत २००० साली सिडनीच्या ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरीत पोहोचल्या आणि ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ साली जगज्जेता झाला. अशा स्पर्धांत आता स्प्रिंगऐवजी आधीच भरून ठेवलेली हवा वापरतात. ती का? हिसका जावा म्हणून, जोर यावा म्हणून नव्हे!

२०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे २० ज्यूलच्या वर जोर किंवा ४.५ मिलिमीटरहून मोठी नळी झाली की परवाना लागतो. परवान्याहून मोठी गोष्ट आपल्या दाराशी आहे. ओहोटीला चिखलात एका पायावर उभा असलेला बगळा फार सोपा नेम असतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यास मारणे गुन्हा आहे. पण कायदा नसता तरी सोपा नेम साधण्यात पुरुषार्थ तो कसला?

कागदावर पाच छर्रे एका भोकात घालून पाहा. त्यासाठी बंदुकीबरोबर स्वतःचा श्वासही सुधारावा लागेल. ही स्प्रिंग मी येथेच ठेवून जातो. ज्यास जोर वाढवावयाचा असेल, त्याने आधी ती हातात घेऊन माझ्या भावाची भुवई आठवावी.